कादंबरीतला दुष्ट आणि आईचा गडवा

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तीही अर्धी. आणि तिच्यातल्या दुष्ट माणसाशीच पुढे माझं लग्न झालं. म्हणून ती पुरी करायची राहिली ती राहिलीच. शेवटच्या प्रकरणात त्याला किल्ल्यावरून ढकलायचं ठरलं होतं, आणि ज्याला रोज जेवायला वाढायचं त्या माणसाला ढकलायचं कसं, हे काही मला जमेना.

सत्तरच्या पुढची ही सालं. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला होते. आमच्या करडीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच पोरगी. बाबांची पहिल्यापासून ना होती. "पोरीच्या जातीले बेंडकं कापून काय करा लागते?" हे त्यांचं पालुपद. आई अंगठाबहाद्दर, पण हट्टाला पेटली. शेवटी दोघांत ठरलं की एकदा जरी नापास झाले किंवा परीक्षा हुकली, तर त्याच साली मांडव घालायचा. स्थळ बाबांनी बघूनच ठेवलं होतं. पोरगा धानाच्या गिरणीवर बसायचा आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत पान थुंकायला उठायचा. म्हणजे पैज आईनं लावली होती, आणि पैजेवर ठेवलं होतं मला.

त्या वेळी कॉलेजात मुलींसाठी वेगळी खोली असायची. दोन तासांच्या मधे तिथंच बसायचं. व्हरांड्यात जरा उभं राहिलं की गावभर बोभाटा. आम्ही नऊ जणी त्या खोलीत कोंबड्यांसारख्या बसायचो. एक दिवस मी वेळ जावा म्हणून एक गोष्ट रचून सांगितली, तर त्या माझ्या मागेच लागल्या, पुढे काय, पुढे काय. मग मी दोनशे पानी वही घेतली, तिला सिमेंटच्या पोत्याचं खाकी कव्हर घातलं आणि लिहायला बसले.

कादंबरी कॉलेजातच सुरू होत होती. पहिल्याच पानावर नायिकेचं आणि दुष्टाचं भांडण. तो काळ्या घोड्यावर बसून कॉलेजात यायचा. घोडा बांधायचा कुठं, हा प्रश्न नऊ जणींपैकी एकीलाही पडला नाही. तिसऱ्या प्रकरणात त्यानं नायिकेला उचललं आणि आंबागडच्या किल्ल्यावर नेऊन तुरुंगात टाकलं. आंबागड मी बघितलेला नव्हता. तिथं जुन्या काळी कैदी ठेवायचे एवढं ऐकून होते, तेवढ्यावर भागवलं. दुष्ट रोज खिडकीपाशी येऊन म्हणायचा, "तुझ्या डोळ्यांत द्वेष आहे तोवर तू माझीच आहेस." याचा अर्थ काय, ते मला आजवर कळलेलं नाही. पण पोरी असे उसासे टाकायच्या की खोलीतला कॅलेंडरचा कागद हलायचा.

दुष्ट कोणावरून बेतला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याच वर्गात होता तो. उंच, सावळा, रोज पांढरा शर्ट आणि पांढरी पँट, इस्त्री अशी कडक की वाटावं घरी चार नोकर असतील. पहिला नंबर त्याचा, सी.आर. तोच, आणि बोलणं मोजून मापून. माझा त्याच्यावर राग बसला तो पहिल्या वर्षी. उन्हाळ्याचे दिवस होते. स्टोअरमधून त्यानं काचेच्या मोठाल्या बरण्या एकट्यानं वाहून आणल्या, घामानं डबडबला होता. मला आपली दया आली. व्हरांड्यातल्या माठातून ग्लास भरला आणि त्याच्यापुढे धरला. तो दोन पावलं मागं सरला, म्हणाला, "नको." आणि गेला. बस्स. सगळ्या पोरींच्या देखत! मी तो ग्लास हातात धरून तशीच उभी. इतकी लाज मला पुढं कधीच वाटली नाही.

त्या दिवसापासून आमचं युद्ध सुरू. मी दोनदा त्याच्या सायकलची हवा सोडली. माझी आकृती एक दिवस उशिरा गेली तर त्यानं घेतली नाही. वर सगळ्यांसमोर विचारलं, "हे बेडकाचं हृदय आहे की वांगं?" मी म्हटलं, "ज्याच्याजवळ हृदय नाही त्यानं विचारू नये." वर्ग हसला. त्या दिवशी मी कादंबरीत त्याच्या गालावर नायिकेची चपराक लावून दिली, सव्वा पान भरून.

शेवटच्या वर्षी कसल्याशा संपानं परीक्षा पुढं पुढं सरकत ऑगस्टात आली. म्हणजे नेमकी रोवण्यात, धानाच्या लावणीत. धानाच्या मुलखात राहणाऱ्याला सांगायला नको, रोवणा कोणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. रोपं म्हातारी झाली की गेलं साल. मजुरीला बाया मिळेनात, तेव्हा मी पुस्तकं घेऊन गावी आले आणि दिवसभर चिखलात वाकून रोवू लागले. पाठ बांबूसारखी ताठ व्हायची. पण एक काम राहिलं होतं, प्रॅक्टिकलचं जर्नल तपासायला द्यायचं. सरांची सही नसली तर परीक्षेला बसू देत नसत, आणि सही शनिवारपर्यंतच मिळणार होती. गावातले एक गुरुजी बुधवारी भंडाऱ्याला जाणार होते. मी बांधावरून आईला ओरडून सांगितलं, "फडताळावरची खाकी कव्हरची जाड वही गुरुजीले दे व!" माझे हात कोपरापर्यंत चिखलात होते.

फडताळावर खाकी कव्हरच्या जाड वह्या दोन होत्या.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं दोन्ही वह्या हातात घेऊन विचार केला म्हणे. एक वही मी तोंड पाडून लिहायची, जांभया देत. दुसरी लिहिताना मला हाका मारलेल्याही ऐकू यायच्या नाहीत, कधी हसायची, कधी डोळे पुसायची. आई म्हणाली, "जेच्यात तुहा जीव होता, तेच देल्ली. अभ्यास जीव लावूनच करा लागते ना?" तिचा काय दोष! मला हे कळलं गुरुवारी संध्याकाळी. फडताळावर जर्नल आपलं शहाण्यासारखं बसलेलं. जर्नलं गोळा कोण करतो? सी.आर.! आणि त्याच्या हातात काय पडलं असेल? त्याची स्वतःची कुंडली, घोड्यासकट!

शुक्रवारी भंडाऱ्याला धावत जावं तर बाबांनी ठणकावलं, "आज रोवण्याचा आखरी दिवस हाय. कुठी जात नाई." खरं कारण सांगायची तर सोयच नव्हती. मी रोवत होते आणि रडत होते. आईला वाटलं पाठ दुखते. मनात पक्कं झालं होतं की आता तो वही सरांना देईल, सर प्राचार्यांना देतील, सही जाईल, परीक्षा जाईल आणि मार्गशीर्षात मी त्या थुंकणाऱ्याच्या घरी जाईन.

आमच्याकडं रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बायांचं राज्य असतं. रस्त्यानं जो कोणी जाईल त्याला अडवायचं, त्याच्या पायाशी रोपांची पेंडी ठेवायची आणि खुशी मागायची. दिली तर ठीक, नाही तर चिखलानं आंघोळ. त्यातून गावचा पाटील सुटत नाही की सरकारी साहेब सुटत नाही. दुपारी बायांनी एकदम गलका केला, "आला व आला, धरा त्याले!" मी मान वर केली. रस्त्यावर एक सायकल, तिच्यावर एक पांढरा शर्ट आणि पांढरी पँट.

बायांनी त्याला घेरलं. त्याच्या खिशात काही नसावं. तो काहीतरी सांगत होता, पण ऐकतं कोण! पहिला गोळा छातीवर बसला, दुसरा पाठीवर. आणि तो काय करत होता? स्वतःला वाचवायचं सोडून त्यानं दोन्ही हातांनी एक खाकी पुडकं डोक्याच्या वर धरलं होतं. हात वर, म्हणून बायांना मोकळं रान. कमरेपासून केसांपर्यंत बुजगावणं करून टाकलं त्याचं. पुडक्यावर एक शिंतोडा नाही. मी बांध तुडवत धावले, पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मला त्या रूपात बघून तो म्हणाला, "तुमची दुसरी वही पाहिजे. उद्या सही आहे. ही वही सरांना चालणार नाही."

बाबा मोहाडीला गेले होते, म्हणून बरं. आईनं त्याला अंगणात बसवलं आणि पाण्यानं भरलेला गडवा घेऊन आली. तांब्याला आमच्याकडं गडवा म्हणतात. भंडाऱ्याच्या कासाराकडचा पितळेचा गडवा होता तो, एका बाजूला पोचा आलेला, कारण लहानपणी मी तो विहिरीच्या काठावर आपटला होता. आईनं आपल्या सवयीनं विचारलं, "कोनाचा गा तू, बाबू? गाव कोनतं?"

तो उठून उभा राहिला. "आंबागड. माहे बाबा जंगलात मजुरीले जाते. आमी बौद्ध हावो, आई. आधी सांगतो, मंग तुमी ठरवा."

आंबागड! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आईचा हात तिथंच थबकला. त्यानं वाकून ओंजळ पुढं केली, वरून पाणी ओतून घ्यायला, अशी की जन्मभर तेच केलं असावं. आई त्या ओंजळीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पे बापा. एवढ्या दुरून सायकल मारत आला." आणि तिनं गडवा त्याच्या हातात दिला.

तो सगळा गडवा प्यायला. मला आईचा असा अभिमान वाटला की तिथल्या तिथं तिच्या गळ्यात पडावं. त्यानं जर्नल घेतलं, माझी वही ठेवली आणि तसाच चिखलानं माखलेला भंडाऱ्याकडं निघाला.

तो गेल्यावर मी वही उघडली आणि अंगाची लाही लाही झाली. मेल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पेन्सिलीनं तपासली होती! 'घोडा या पायऱ्या चढत नाही. बकरीसुद्धा विचार करते.' 'तुरुंगाला खिडकी नाही.' 'दरवाजा उलट्या बाजूला.' चपराकीच्या पानावर लिहिलं होतं, 'वर्णन चांगले. पण आधी उजवा गाल, नंतर डावा.' मी दात ओठ खात पानं उलटत होते. दुसऱ्या प्रकरणात मी तो ग्लासाचा प्रसंग होता तसा उतरवला होता, की नायिका पाणी देते आणि माजोरडा दुष्ट ते झिडकारतो. त्या पानावर बारीक अक्षरात एकच ओळ होती, 'तो पाणी का पीत नाही, हे नायिकेने विचारले नाही.'

मी ती ओळ वाचली आणि वही मिटली. तीन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या होत्या, आणि एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

दोन दिवसांनी गोठ्यात शेण काढायला गेले तर वळचणीच्या खुंटीला गडवा टांगलेला. पोचा आलेला, तोच. मी तो घेऊन आईसमोर उभी राहिले. "हा इथी काहून?"

आई चुलीपुढून हलली नाही. "तिथीच राहू दे."

"काहून पण? तूच देल्ला ना त्याच्या हातात?"

"देल्ला ना! हातात देल्ला. तुह्या बापाच्या घरात मले राहा लागते. उद्या कोनी म्हणन, त्या गडव्यानं देवाले पानी घातलं, तं काय सांगू? आनखी किती करू मी एकटी?" ती रडत होती. मी ओरडले, नाही नाही ते बोलले. म्हटलं, न देतीस तर बरं होतं. आई एवढंच म्हणाली, "तुह्याच वहीसाठी आला ना तो? त्याले तहानलेला कसा जाऊ देऊ?" आणि गडवा पुन्हा गोठ्यात गेला.

सही झाली. परीक्षा झाली. मी पास झाले आणि आईनं पैज जिंकली. निकालाच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकापाशी त्याला गाठलं आणि धीर करून म्हटलं, "विचारते. पाणी का नाही घेतलं?"

तो म्हणाला, "पाणी पिऊन झाल्यावर विचारतात, कुठला? मग ग्लास फोडतात. शाळेत असताना एकानं माझ्यासमोर फोडला. तेव्हा ठरवलं, त्यापेक्षा तहान बरी." आणि त्याच मोजक्या आवाजात पुढं म्हणाला, "पण मला एक सांगा. मी अजून जिवंत आहे ना? किल्ल्यावरून पडायचं ठरलंय म्हणे माझं."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. फाटकावरचा चपराशी बघत होता, बघू दे. इस्त्रीचंही त्याच दिवशी कळलं. नोकर कुठले! कपड्यांचा एकच जोड, रोज धुवायचा आणि तांब्यात निखारे भरून तोच फिरवायचा. आमच्या बायांनी शुक्रवारी चिखल केला तो कसाबसा सुकवून तो शनिवारी जर्नलं घेऊन सरांपुढं उभा होता. डाग काही गेले नव्हते.

मला शाळेत नोकरी लागली, पुढं त्यालाही लागली. प्रेम म्हणजे काय, तर महिन्याला एक पत्र. त्यात तो किल्ल्याची एकेक चूक दुरुस्त करायचा, आणि खाली लिहायचा, 'मी जित्ता हाव का?' मी उत्तरात लिहायची, 'सध्या तरी.' हे पाच वर्षं चाललं. मग आम्ही भंडाऱ्याला जाऊन रजिस्टर लग्न करायचं ठरवलं आणि मी घरी सांगितलं.

बाबांनी माझ्या नावानं आंघोळ केली. आई कोपऱ्यात बसून होती. निघताना मी गोठ्यात गेले आणि खुंटीचा गडवा काढून पिशवीत टाकला. माहेरून मी एवढंच आणलं. वळून बघितलं तर आई दारात उभी. तिनं बघितलं, थांबवलं नाही, आणि आत गेली. आंबागडला सासूनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "शिकली तं हाय, पन रोवणा येते का?" येतो म्हटल्यावर भाकरी वाढली. त्या घरात मला पुढं कोणी काही विचारलं नाही.

मग ह्यांना वरठीच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही तिथं दोन खोल्यांत राहायला गेलो. पोरगी झाली, चालायला लागली, बोलायला लागली. करडीहून ना कोणी आलं ना निरोप. मी रागीट बाई, मी पण गेले नाही. पण बसस्टँडवर डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई दिसली की माझी मान वळायची. सहा वर्षं वळत होती. गडव्याची गोष्ट मी ह्यांना कधी सांगितली नाही. त्या दिवशी माझ्या आईनं त्यांच्या हातात पाणी दिलं, हे ते लोकांना इतक्या कौतुकानं सांगायचे की माझी जीभच रेटली नाही.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर आई. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, एसटीनं एकटीच आलेली. "बाप बजारात गेला," एवढंच म्हणाली, आणि उंबऱ्यात थांबली. हे आतून आले, बघितलं, आणि धावत मोरीकडं गेले. पाहुण्याला आधी पाणी. हातात येईल ते भांडं भरून घेऊन आले आणि आईपुढं धरलं.

तोच गडवा होता, पोच्यासकट.

आईनं तो ओळखला. माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांना काय माहीत! ते आपले हसत उभे, "घ्या आई, थकून आल्या." आमच्याकडं बाया गडवा कधी तोंडाला लावत नाहीत, वरून धार सोडून पितात. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि ओठांना लावला. घटाघटा प्यायली, पुरा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि आत येऊन बसली.

मग गडवा माझ्यापुढं करून म्हणाली, "याले चिंचेनं घासत जाय व पोरी. किती काळा पाडून ठेवला."

त्या दिवशी मी तो घासला नाही. दुसऱ्या दिवशी घासला.